साखरेचा स्वभाव आणि कामगाराची पाळी

‘शर्करा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ खडी किंवा रेती. गोडीचा त्यात मागमूसही नाही. उसाचा रस आटविला की त्याचे खडे पडतात, हेच आमच्या पूर्वजांना गोडीपेक्षा अधिक नवलाचे वाटले असावे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा असे उसाच्या रसाचे प्रकार ओळीने दिले आहेत. इ. स. ६४७ मध्ये चीनच्या ताइत्सुंग सम्राटाने ही विद्या शिकण्यासाठी मगध देशी माणसे पाठविली.

आम्ही कॉलेजचा उंबरठा ओलांडलेला नाही. युनियनच्या कचेरीत पाळी सुटल्यावर जे वाचले, तेवढीच आमची शिदोरी. परंतु तिच्या आधारे आम्हांस असे दिसते की, साखरेचे तीन स्वभावधर्म नीट समजून घेतले तर तिच्या कामगारांचा इतिहास आपोआप उलगडतो.

पहिला धर्म विरघळण्याचा. साध्या २० अंश सेल्सिअस उष्णतेच्या १ किलो पाण्यात सुमारे २ किलो साखर मावते, उकळत्या पाण्यात जवळजवळ ५ किलो. म्हणून दाट पाक निवू लागला की जादा साखरेला पाण्यात जागा उरत नाही आणि ती स्फटिकरूपाने बाहेर पडते. दुसरा धर्म उष्णता न सोसण्याचा. पाक जसजसा दाट होतो तसतसा तो पाण्याहून अधिक उष्णतेवर उकळतो, आणि साखर तांबूस होऊन करपू लागते. तिसरा धर्म नासण्याचा. ऊस तोडला की त्यातील साखरेची द्राक्षशर्करा आणि फलशर्करा होऊ लागते; त्यांचे खडे सहजी पडत नाहीत, उलट राहिलेल्या साखरेचेही पडू देत नाहीत. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो दिवसभरात गाळला पाहिजे.

या तिसऱ्या धर्मानेच वेस्ट इंडीजच्या बेटांवर रात्र आणि दिवस एक केले. हंगामात चरक थांबत नसे. आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम दिवसा ऊस तोडीत आणि रात्री चरकाला तो भरवीत. झोपेने डुलणाऱ्याचा हात लाटांत सापडे. तो तोडून माणूस वाचवावा म्हणून चरकाजवळ कुऱ्हाड ठेवलेली असे. पुढे भट्टीघर. तेथे एकाहून एक लहान अशा उघड्या काहिलींची रांग असे आणि गुलाम लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका काहिलीतून दुसरीत ओतीत. अंगावर उडणाऱ्या पाकाचा चटका पाण्यासारखा ओघळून जात नाही, तो चिकटून बसतो. एवढे सोसूनही पाक करपे आणि साखरेऐवजी मळी वाढे.

यावर विज्ञानाने उपाय काढला. हवेचा दाब कमी केला की द्रव कमी उष्णतेवर उकळतो. इंग्लंडात एडवर्ड हॉवर्ड याने १८१३ साली या तत्त्वावर बंद निर्वात भांड्याचे पेटंट घेतले. त्यात पाक ६०–७० अंशांवर शिजू लागला. पुढची मजल मारली नॉर्बेर रिल्यू याने. १८०६ साली न्यू ऑर्लीन्स येथे जन्मलेल्या या माणसाची आई कृष्णवर्णीयांच्या वंशातील स्वतंत्र स्त्री होती. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या रिल्यूने १८४३ साली भांड्यांची मालिका रचली. पहिल्या भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्याला तापविते. दुसऱ्यात दाब कमी, म्हणून तेथील रस तेवढ्याच वाफेवर उकळतो. त्याची वाफ तिसऱ्याला. जळण वाचले, साखर सुधारली, आणि पळीने रस ओतण्याचे काम संपले. आजही साखर कारखान्यात रस याच रीतीने आटवितात.

मात्र येथे आम्ही श्रोत्यांना क्षणभर थांबवू इच्छितो. यंत्राने काहील हटविली, गुलामगिरी हटविली नाही. लुइझियानात भांडी नवी आणि माणसे विकत घेतलेली, असा संसार वीस वर्षे चालला. अमेरिकेतील गुलामगिरी गेली ती यादवी युद्धानंतर, १८६५ साली, राज्यघटनेच्या दुरुस्तीने.

आता आपल्या घरी पाहू. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले, आणि महाराष्ट्रात सहकारी साखरेचे युग सुरू झाले. कारखान्याच्या आतल्या कामगाराला १९४८ च्या कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालून दिली. ऊस तेव्हाही नासतच होता, गाळप रात्रंदिवस चालतच होते. मग हे जमले कसे? एकाच माणसाला रात्रंदिवस जुंपण्याऐवजी तीन पाळ्यांत तीन माणसे उभी केली, म्हणून जमले.

फाटकाबाहेर मात्र ही पाळी पोचली नाही. नवराबायकोच्या जोडीला जेथे ‘एक कोयता’ म्हणून मोजतात, तेथे माणसाचे तास कोण मोजणार? मुकादमाची उचल फेडण्यासाठी ही जोडी टनावर राबते, आणि वाहन रात्री दोनला आले तर थंडीत उठून मोळ्या भरते. कारण विचारले तर एकच उत्तर मिळते, ऊस थांबत नाही.

ऊस थांबत नाही हे खरेच आहे. तो वेस्ट इंडीजमध्येही थांबत नव्हता. कारखान्याच्या आत त्या अडचणीतून पाळी निघाली आहे. तीच वाट फडापर्यंत नेण्यासाठी नव्या शोधाची गरज नाही. तोडणाऱ्या प्रत्येक हाताची स्वतंत्र हजेरी, रात्रीच्या भरणीला वेगळी माणसे आणि तासांची नोंद, एवढ्यापासून आरंभ करता येईल.