कोळंबीच्या तळ्यातलं हिरवं पाणी



समुद्र आपल्या येडशीपासून लांब, पण आठवडी बाजारातली सुकट आपल्या ओळखीची. ती म्हणजे समुद्रात जाळ्यानं पकडून वाळवलेला बारीक जवळा. मोठी कोळंबी मात्र आता बरीचशी तळ्यात वाढवतात. तिचं पीक येणार की बुडणार, हे पाण्यातल्या शेवाळावर ठरतं. दगडावरचं निसरडं शेवाळ नव्हे. हे इतकं बारीक की एकेक कण डोळ्याला दिसत नाही, नुसता पाण्याला हिरवा किंवा तपकिरी रंग येतो. आपल्याकडंही शेततळ्यात रोहू, कटला सोडायला लागलेत, म्हणून आज त्याचा इतिहास सांगते.

गोव्यात खाडीकाठी खाजण जमिनी आहेत. खाडीला बांध घातलेला आणि बांधात लाकडी झडप, तिला मानस म्हणतात. पावसाळ्यात तिथं खारं सोसणारं कोरगुट भात घेतात. भरतीचं पाणी आत घेतलं की त्याबरोबर कोळंबीची पिल्लंही येतात आणि शेवाळही. खाद्य विकत आणून कुणी घालत नसे. शेवाळ आणि त्यावर जगणारे बारीक जीव हेच खाणं. पीक बेताचं, पण ओहोटीला बाहेर जाणारं पाणी शेजाऱ्याचं नुकसान करत नसे.

पिल्लं भरतीच्या मर्जीवर न ठेवता आपणच तयार करावीत, हे साधलं जपानच्या मोतोसाकु फुजिनागा यांनी. 1934 मध्ये त्यांनी कोळंबीच्या अंड्यांतून पिल्लं काढली. पण पिल्लं जगवणं अवघड. अंड्यातून आलेलं पिल्लू पहिले एकदोन दिवस अंगातल्या बलकावर काढतं. तो संपला की खायला हवं, आणि तोंड इतकं लहान की त्यात जाणार काय? उत्तर मिळालं ते शेवाळात. काचेसारखं कवच असलेलं स्केलेटोनेमा नावाचं सूक्ष्म शैवाल पिल्लांना मानवलं. 1942 मध्ये फुजिनागांनी हे काम छापलं. पुढं जगभर कोळंबीबीजाची केंद्रं निघाली. तिथं आजही पिल्लांच्या आधी शेवाळाची पैदास करावी लागते. तान्ह्या बाळाच्या आधी दुधाची सोय, तसंच हे.

तळ्यात शेवाळाचं काम याहून मोठं. कोळंबीची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून पाण्यात अमोनिया होतो, तो विषारी. शेवाळ तो शोषून घेतं आणि उन्हात प्राणवायू सोडतं. पण रात्री ऊन नाही. मग तेच शेवाळ कोळंबीसारखाच प्राणवायू घेतं. म्हणून तळ्यातली सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. शेवाळ फार दाट झालं की पहाटे कोळंबी काठाला येते, मरते. तळ्यात पाणी उडवणारी चाकं रात्रभर फिरवतात ती यासाठीच. त्याहून वाईट म्हणजे हिरवं पाणी एकदम निवळ होणं. बघणाऱ्याला बरं वाटतं, पण तळाशी मेलेलं शेवाळ कुजत असतं आणि उरलासुरला प्राणवायू तेच खातं.

1990 च्या सुमाराला तमिळनाडू आणि आंध्रच्या किनाऱ्यावर कंपन्या उतरल्या. भातशेतीच्या जागी तळी झाली. कोळंबी दाटीनं भरली, खाद्य पोत्यानं ओतलं. इतकं पचवणं शेवाळाच्या आवाक्यात नव्हतं. मग घाण पाणी खाडीत सोडायचं आणि नवं आत घ्यायचं. एकाचं घाण पाणी दुसऱ्याच्या तळ्यात. 1994 पासून पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला आणि या पाण्याबरोबर तळ्यातळ्यांत पसरला. तळ्यांचं खारं पाणी जमिनीत मुरून शेजारच्या विहिरी खारट झाल्या. विहीर खारट झाली की हंडा घेऊन लांब कोण जातं, हे आपल्याला सांगायला नको.

तिथं कृष्णम्माल जगन्नाथन आणि त्यांचे पती एस. जगन्नाथन उभे राहिले. या कृष्णम्माल दलित घरातल्या. भूमिहीन बायांच्या नावावर जमिनी करून देण्याचं काम त्या आधीपासून करत होत्या. गावोगावच्या बाया त्यांच्याबरोबर आल्या. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं पाहणीला पाठवलं ते आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेला. त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष होता की मिळकतीपेक्षा नुकसान जास्त. 11 डिसेंबर 1996 ला निकाल लागला. किनारपट्टीच्या नियमातली तळी काढा, पारंपरिक पद्धतीची राहू द्या, शेतजमिनीची तळी करू नका, आणि ज्यानं घाण केली त्यानं भरपाई द्यावी. निकाल मोठा, पण तळी तशी उठली नाहीत. 2005 मध्ये संसदेनं वेगळा कायदा केला, त्यात नोंदणी करून तळी चालवायला वाट मिळाली. माझ्या मते त्या बायांनी जिंकलेलं निम्मं तिथं हातातून गेलं.

आपल्याकडं खारं पाणी नाही, पण पाणीच कमी. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी निघाली, ती आपल्याच मार्गानं गेली. पहिल्या खेपेला 5 लाख लिटर पाणी. अशा मुलखात शेततळ्याचं पाणी नासलं तर बदलायला दुसरं आणायचं कुठून? तेव्हा रंगावर लक्ष हवं. इटलीच्या सेकी नावाच्या पाद्र्यानं 1865 मध्ये पांढरी ताटली दोरीनं समुद्रात सोडून पाण्याची पारख केली. आपल्याला हातच पुरे. काठावर नीट बसून हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. मधेच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ दाट झालंय. त्या दिवशी शेण, युरिया घालू नका, खाद्य कमी करा आणि पहाटे जाऊन मासे वर तोंड काढतायत का ते बघा. कोपर बुडेपर्यंत तळवा अंधूक दिसला तर ठीक. बोटं स्वच्छ दिसली तर पाणी उपाशी आहे. आणि रंग उतू गेल्यासारखी निळसर हिरवी साय वर आली, तर त्या पाण्यावर शेरडं-गुरं नेऊ नका, त्यातलं काही शेवाळ जनावराला बाधतं.