आईने शिकवलेली शिकार

कोल्हापूर संस्थानात काळविटामागे चित्ता सोडण्याची शिकार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही चालू होती. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता गाडीतून माळावर नेत आणि कळप टप्प्यात आला की पट्टी उतरवत. चित्तेवान त्याला माणसाळवत असे. शिकार मात्र त्याला येतच असे.

ती आईने शिकवलेली. म्हणून पिल्लं आणून वाढवण्यापेक्षा रानात वाढलेला मोठा चित्ता पकडण्याकडेच शिकाऱ्यांचा कल होता. चित्त्याची मादी घरच्या मांजरीसारखीच लहान पिल्लांना तोंडात धरून दर काही दिवसांनी जागा बदलते; सिंह-तरसांना पत्ता लागू नये, हा तिचा बंदोबस्त. पुढे ती जिवंत पाडस पिल्लांसमोर सोडते. पिल्लं झेपावतात, फसतात, पाडस निसटतं. आई धावून ते परत आणते. मांजर उंदराबाबत हेच करते. हे शिक्षण सुमारे दीड वर्ष चालतं. कुठल्याही दरबारी उस्तादाला ते जमण्यासारखं नव्हतं.

आणि कैदेत मादी सहसा वीतच नसे. मोगल काळात पिंजऱ्यातल्या जन्माची नोंद एकच, जहांगीरच्या आठवणींतली. पुढची थेट १९५६ सालची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची. त्यामुळे प्रत्येक चित्ता रानातूनच उचलला गेला, रानं रिती होत गेली. अखेर कोल्हापूरने आफ्रिकेतून चित्ते मागवले.

१९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. मार्च २०२३ मध्ये नामिबियातून आणलेल्या सियाया या मादीने मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात चार पिल्लांना जन्म दिला.