अडकलेले रुपये आणि ब्रूस ली

माझी सगळी नोकरी लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये गेली, एका चित्रपट वितरकाच्या कचेरीत हिशेब लिहिण्यात. तेव्हापासून एक खोड लागली आहे. नट पडद्यावर कसा दिसतो ते बाकीच्यांनी बघावं. तो कुणाच्या पैशाने तिथवर पोचला, ते मी बघतो. ब्रूस लीचं चरित्र असं वाचायला घेतलं, की गोष्ट थेट आपल्या परकीय चलनाच्या नियमांपाशी येऊन ठेपते.

अमेरिकी कंपन्यांचे चित्रपट त्या काळी आपल्याकडे जोरात चालत, पण मिळकतीतला मोठा हिस्सा त्यांना डॉलर करून मायदेशी नेता येत नसे. रुपये इथल्या बँकेत पडून राहात. खर्च करायचे, तर इथेच करा. वॉर्नर ब्रदर्सचाही पैसा असाच अडकलेला होता. म्हणून ‘द सायलेंट फ्लूट’ नावाचा चित्रपट त्यांच्यापुढे आला तेव्हा त्यांनी तोड काढली: करा, पण भारतात करा आणि त्या रुपयांत करा.

चित्रपट तिघांच्या डोक्यातून निघाला होता. जेम्स कोबर्न हा नावाजलेला नट, स्टर्लिंग सिलिफंट हा ऑस्कर मिळवलेला पटकथाकार, आणि या दोघांचा कुंग फूचा गुरू ब्रूस ली. १९७१च्या फेब्रुवारीत तिघंही चित्रीकरणाच्या जागा शोधायला भारतात आले. दिल्ली झाली, राजस्थानचं वाळवंट झालं, मद्रास झालं. कोबर्नचं मन काही इथे रमलं नाही. पोस्टरवर नाव त्याचं चालणार होतं, त्यामुळे तो नाही म्हणाला आणि विषय संपला.

कोबर्नला पुढचा चित्रपट होताच. लीला काय होतं? वय तीस. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, वाढला हाँगकाँगमध्ये. वडील कँटनीज संगीत नाटकातले नट, त्यामुळे हाही लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर. अमेरिकेत ‘द ग्रीन हॉर्नेट’ या मालिकेत ड्रायव्हर केटो झाला, ती १९६७मध्ये बंद पडली. १९७०मध्ये वजन उचलताना पाठीची नस दुखावली आणि काही महिने अंथरुणात गेले. डॉक्टर म्हणाले, लाथ मारणं विसरा. डोक्यावर घराचं कर्ज, घरात दोन मुलं. त्यात हा चित्रपट बुडाला, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

मग हाँगकाँग. तिथे शॉ ब्रदर्सची सद्दी होती. नट त्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या कराराने, ठरल्या पगारावर बांधलेले असत. लीला त्यांनी चित्रपटामागे दोन हजार डॉलर देऊ केले. शॉंचीच नोकरी सोडून १९७०मध्ये गोल्डन हार्वेस्ट काढलेल्या रेमंड चाऊने दोन चित्रपटांचे पंधरा हजार सांगितले. ली तिकडे गेला. गरज दोघांनाही होती, म्हणून सौदा बरा झाला असं माझं मत.

‘द बिग बॉस’ थायलंडमधल्या पाक चोंग या गावी झाला. चित्रपट म्हणून तो कच्चाच आहे. एका माणसाला लाथ बसते आणि तो लाकडी भिंतीतून असा आरपार जातो, की भिंतीला हातपाय पसरलेल्या माणसाच्याच आकाराचं भोक पडतं, कार्टून बरं! पण बर्फाच्या कारखान्यातला प्रसंग पाहा. नायकाने मारामारी न करण्याचं आईला वचन दिलंय, गळ्यात त्याची खूण म्हणून जेडचं पदक. चित्रपट निम्म्याला आला तरी हा आपला बाजूला उभा, भाऊबंद मार खातायत. मग धक्काबुक्कीत ते पदक तुटतं. ली आधी पदकाकडे बघतो, मग समोरच्याकडे. पुढच्या लाथा इतक्या कमी हालचालीत बसतात, की तोवरची बाकीच्यांची झटापट एकदम नाटकी वाटू लागते. हातचं राखून ठेवायची ही अक्कल मला लाथेपेक्षा मोठी वाटते.

१९७१च्या ऑक्टोबरअखेरीस मध्यरात्री खेळ लागला आणि हाँगकाँगमधल्या कमाईचे तोवरचे सगळे विक्रम मोडले. १९७२मध्ये ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ने तोही आकडा मागे टाकला. आता लीने पगार मागितला नाही, भागी मागितली. चाऊबरोबर त्याने काँकर्ड ही कंपनी निम्म्या-निम्म्या वाट्याने काढली आणि ‘द वे ऑफ द ड्रॅगन’ स्वतः लिहिला, दिग्दर्शितही केला. पुढच्या ‘एंटर द ड्रॅगन’साठी वॉर्नर आले. दोन वर्षांपूर्वी अडकलेल्या रुपयांपलीकडे हात न जाणारी हीच कंपनी. आता खरे डॉलर काढले! खर्च सुमारे साडेआठ लाखांचा. २० जुलै १९७३ला ली बत्तिसाव्या वर्षी गेला. महिनाभरात चित्रपट अमेरिकेत लागला आणि जगभर चालला.

मागाहून जे झालं, त्याला धंद्यात मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात. ब्रूस ली गेला. ब्रूस ली (उच्चार तोच, स्पेलिंग तेवढं Li), ब्रूस ले, ड्रॅगन ली अशा नावांचे तोतये उभे राहिले. अर्धवट राहिलेला ‘गेम ऑफ डेथ’ १९७८मध्ये दुसरी माणसं घेऊन पुरा केला, त्यात एका ठिकाणी आरशावर चक्क लीच्या चेहऱ्याचं कापलेलं चित्र चिकटवलंय. ‘सायलेंट फ्लूट’ही त्याच वर्षी ‘सर्कल ऑफ आयर्न’ म्हणून आला. चित्रीकरण इस्रायलमध्ये, आणि लीने स्वतःसाठी योजलेल्या भूमिकांत डेव्हिड कॅराडिन.

मला जास्त टिकाऊ वाटतो तो काँकर्डचा करार. शॉंकडचा विनोदी नट मायकेल हुई गोल्डन हार्वेस्टकडे आला, तो त्याच धर्तीवर, स्वतःची कंपनी काढून, नफ्यात वाटा घेऊन. १९७४चा त्याचा ‘गेम्स गॅम्बलर्स प्ले’ तुफान चालला. ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये लीच्या हातून मान मोडून घेणारा एक पोरगा होता, जॅकी चॅन. पुढे तोही गोल्डन हार्वेस्टकडे आला आणि तिथे त्याने स्वतःचे चित्रपट स्वतःच दिग्दर्शित केले. शॉंनी १९८०च्या दशकात चित्रनिर्मिती जवळपास आवरती घेतली आणि टेलिव्हिजनवर भर दिला.