हिंडेनबर्ग ते मिराई: हायड्रोजनची टाकी फुटेल का?

गाडीत हायड्रोजन म्हटलं की कुणीतरी हिंडेनबर्गचं नाव काढतंच. ६ मे १९३७ला अमेरिकेत लेकहर्स्टला उतरताना हे जर्मन हवाई जहाज पेटलं आणि मिनिटभराच्या आत खाक झालं. ३६ माणसं गेली. पण जहाजावरच्या ९७ जणांपैकी ६२ वाचले, हे फारसं कुणी सांगत नाही. हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे १४ पट हलका, त्यामुळे ज्वाळा वर जातात.

हिंडेनबर्गमध्ये हा वायू साध्याच दाबाने भल्यामोठ्या पिशव्यांमध्ये भरला होता. गाडीत तेवढी जागा कुठून आणणार? १९६६मध्ये जनरल मोटर्सने 'इलेक्ट्रोव्हॅन' बनवली. तिच्यात उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन आणि सोबत द्रव ऑक्सिजन. टाक्या-पाइपांनी सगळी जागा खाल्ली आणि सहा जणांच्या व्हॅनमध्ये दोघंच मावू लागले. धोका नको म्हणून ती कंपनीच्या आवाराबाहेर काढलीच नाही.

मग २०१४मध्ये टोयोटाची मिराई आली. सुमारे ५ किलो हायड्रोजन, दाब ७०० बार. आपल्या कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, यावरून अंदाज घ्या! टाकीला आतून प्लास्टिक आणि वरून कार्बन फायबरचे थर. पण मला खरी आवडते ती तिची झडप. तापमान साधारण ११० अंशांवर गेलं की ती उघडते आणि सगळा वायू बाहेर सोडते. आगीत वायू सोडायचा? हो, कारण टाकी फुटण्यापेक्षा ते परवडतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो: सिस्टीम कधीतरी पडणारच, तर ती कशी पडावी हे आधीच ठरवून ठेवायचं.

२००१मध्ये मायामी विद्यापीठाच्या मायकेल स्वेन यांनी दोन गाड्या मुद्दाम पेटवल्या. हायड्रोजनचा झोत सरळ वर गेला आणि विझला, गाडी जवळपास शाबूत. पेट्रोलची गाडी मात्र जळून गेली.

म्हणजे चिंता मिटली? नाही. जून २०१९मध्ये नॉर्वेत सँडविका इथे हायड्रोजन पंपावर स्फोट झाला. कारण काय, तर साठवणीच्या टाकीच्या प्लगचे बोल्ट नीट आवळले नव्हते. इतकं साधं!

३० मार्च २०२२ला नितीन गडकरी मिराईत बसून संसदेत गेले. उद्या अशी गाडी आपल्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये आली तर? तिथे वर आकाश नाही, स्लॅब आहे. गळालेला वायू छताखाली साठणार, आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की एक ठिणगी पुरे. एलपीजीसारखा वासही मिसळलेला नसतो, कारण ती रसायनं फ्युएल सेल खराब करतात. तेव्हा सेन्सर हवेत आणि वायूला बाहेर जायला वाट हवी.

म्हणून टाकी किती मजबूत, एवढंच विचारून थांबू नका. गळाली तर वायू जाणार कुठे आणि बोल्ट तपासतं कोण, हेही विचारा. चला, भेटू पुढच्या भागात!