जुन्या गाडीतील ट्रॅक्शन कंट्रोल : एक चाक जागेवर फिरते, तेव्हा नेमके काय होते?

धाराशिव : पाऊस लागून राहिला की काळ्या रानातल्या पाणंद रस्त्यावर गाडी रुतणे हे कळंब-वाशीपासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत सगळ्यांच्याच ओळखीचे. रेस दिली की एक चाक जागेवर गरगर फिरते, दुसरे हलतसुद्धा नाही. पुण्या-मुंबईकडून आणलेल्या जुन्या चारचाकी आता गावोगावी दिसतात. त्यातल्या काहींच्या डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचे चित्र असलेले बटण असते. ते बटण ट्रॅक्शन कंट्रोलचे. ते कशासाठी असते, दिवा लागला तर काय समजायचे आणि जुनी गाडी घेताना काय बघायचे, याची ही माहिती.

मूळ दुखणे डिफरेन्शियलचे

वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडली तर वळताना टायर घासतील. म्हणून मध्ये डिफरेन्शियल असते. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते, पण जोर मात्र दोघांना सारखाच देते.

अडचण इथेच आहे. समजा डावे चाक चिखलात आहे आणि ते फिरवायला फक्त 20 एवढा जोर पुरतो. मग उजव्या चाकालाही 20 च मिळतो, ते कोरड्या मुरुमावर असले तरी. एकूण 40 मध्ये गाडी हलत नाही. रेस वाढवली तरी डावे चाकच जास्त फिरते. अशा वेळी काट्यावर 20 चा वेग दिसत असेल, तर फिरणारे चाक प्रत्यक्षात 40 च्या वेगाने फिरत असते, कारण दुसरे जागेवर उभे असते. म्हणून रुतलेली गाडी ढकलताना फिरणाऱ्या चाकाच्या रेषेत कुणीही उभे राहू नये.

ट्रॅक्टरवाल्यांना हे आधीपासून माहीत आहे

ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगळे असतात. नांगरताना एक चाक फसून फिरायला लागले की जाणता ड्रायव्हर त्याच बाजूचा ब्रेक हलका दाबतो. फिरणाऱ्या चाकाला अडवले की जोर दुसऱ्या चाकाकडे जातो आणि ट्रॅक्टर निघतो. वरच्या हिशेबात डाव्या चाकाला ब्रेकने 100 चा अडथळा केला, तर डावीकडे 120 जोर लागतो आणि उजवीकडेही 120 पोहोचतो.

कारमधले ट्रॅक्शन कंट्रोल हेच काम करते. फरक एवढाच, की पेडलवर पाय ड्रायव्हरचा नसतो, कॉम्प्युटरचा असतो.

कारमध्ये काम कसे चालते?

ट्रॅक्शन कंट्रोल हे एबीएसच्याच सामानावर उभे आहे. बॉश कंपनीचे इलेक्ट्रॉनिक एबीएस 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत आले. त्याच सेन्सर आणि व्हॉल्व्हचा वापर करून 1980 च्या दशकात ट्रॅक्शन कंट्रोल तयार झाले. त्याआधी 1971 मध्ये अमेरिकेच्या ब्युइक कंपनीने मॅक्सट्रॅक नावाने असा प्रयोग केला होता. पुढे 1995 पासून गाडी आडवी जाऊ न देणारी ईएसपी ही यंत्रणा आली, तिच्यात ट्रॅक्शन कंट्रोल धरलेलेच असते.

चारही चाकांजवळ एक-एक सेन्सर असतो. जुन्या गाड्यांत चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग आणि तिच्या शेजारी चुंबकाचा सेन्सर असतो. दाते समोरून गेले की विजेचे ठोके तयार होतात, त्यावरून चाकाचा वेग कळतो. इंजिनाचा जोर मिळणारी चाके बाकीच्या चाकांपेक्षा बरीच जोरात फिरू लागली, की कॉम्प्युटर घसरण ओळखतो. मग दोन उपाय होतात.

पहिला, ब्रेकचा. एबीएसचा पंप दाब तयार करतो आणि व्हॉल्व्ह उघडून फक्त घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो. एका चाकाखाली चिखल आणि दुसऱ्याखाली कोरडी जमीन असेल, तर हा उपाय कामाचा.

दुसरा, इंजिनाचा. दोन्ही चाके घसरत असतील तर ब्रेकने भागत नाही, जोरच कमी करावा लागतो. त्यासाठी इंधन थोडे तोडतात किंवा पेट्रोल गाडीत ठिणगी उशिरा देतात. केबलवर चालणाऱ्या ॲक्सिलरेटरच्या काही जुन्या गाड्यांत यासाठी मोटरवर चालणारा दुसरा थ्रॉटल बसवलेला असे. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आल्यावर तो लागेनासा झाला, कॉम्प्युटर सरळ थ्रॉटलच मिटवतो. अशा वेळी पाय दाबलेला असूनही गाडी उठत नाही. तो बिघाड नसतो.

कुठे उपयोग, कुठे नाही

तुळजापूरच्या घाटात पहिल्या पावसाने रस्ता निसरडा झालेला असताना चढावर गाडी पुन्हा उचलायची असेल, तिथे याचा खरा उपयोग. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चाक घसरले की स्टिअरिंग ऐकत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे बूड बाजूला जाते. दोन्ही धोके ही यंत्रणा कमी करते.

पण उतारावर ब्रेक मारताना तिचा उपयोग नाही. ते काम एबीएसचे आणि गिअरचे. उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडण्याची सवय अजून अनेकांना आहे. नव्या पद्धतीच्या इंजेक्शन इंजिनात गिअरमध्ये पाय सोडला की इंधन आपोआप बंद होते. म्हणजे न्यूट्रलने फार काही वाचत नाही, इंजिनाचा ब्रेक मात्र जातो.

काळ्या चिखलाची गोष्ट आणखी वेगळी. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या नक्षीत बसून टायर गुळगुळीत करते. चारही चाके रुतली असतील तर कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा इंजिनाचा जोर तोडतो आणि गाडी जागीच दम टाकते. अशा वेळी बटण दाबून यंत्रणा थोडा वेळ बंद करावी, दुसऱ्या गिअरमध्ये हलकी रेस द्यावी, चाकाखाली दगड, पऱ्हाट्या किंवा पोते टाकावे. पक्क्या रस्त्यावर आल्यावर ती पुन्हा चालू करावी.

ज्यांच्या गाडीत हे नाहीच, त्यांनी काय करावे?

ॲम्बेसेडर, मारुती 800, जुनी सुमो, जुनी जीप यांत ही सोय नव्हती. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एक चाक फिरत असेल तर हँडब्रेक दोन-तीन दाते ओढून हळू रेस देऊन पाहतात. फिरणाऱ्या चाकाला थोडा अडथळा मिळतो आणि जोर दुसरीकडे वळतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत याचा उपयोग नाही, कारण हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांना असतो.

2015 नंतरच्या काही थार आणि बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमध्ये मागच्या हाउसिंगमध्येच आपोआप लॉक होणारे डिफरेन्शियल आहे. ते पूर्णपणे यांत्रिक आहे, त्याला सेन्सर लागत नाही.

ट्रॅक्टरचा डिफरेन्शियल लॉक मात्र फक्त रानात आणि सरळ चालतानाच वापरावा. लॉक लागलेला असताना ट्रॅक्टर वळत नाही. उसाची ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्यावर आल्यावर लॉक सुटला आहे आणि दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडले आहेत, हे पाहावेच. वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर पलटी होतो.

जुनी गाडी घेताना हे तपासा

- 1 एप्रिल 2019 पासून देशात नव्या कारना एबीएस सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीत ते असेलच असे नाही. एबीएस आहे म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल आहे, असेही नाही.
- किल्ली चालू केल्यावर एबीएस आणि ट्रॅक्शनचा दिवा लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर तो मुद्दाम काढलेला असू शकतो. तिथे सावध व्हावे.
- चालताना दिवा लुकलुकला तर यंत्रणा काम करत आहे. कायम राहिला तर ती बंद आहे किंवा बिघडली आहे.
- एबीएसचा दिवा कायम असेल तर एबीएस आणि त्यावरचे ट्रॅक्शन कंट्रोल बहुधा बंद असते, पण साधा ब्रेक चालतो. त्यासोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला तर गाडी पुढे नेऊ नये.
- आधी चाकाजवळचा सेन्सर बघावा. चिखल, लोखंडाचा कीस, तडकलेली रिंग किंवा उंदराने कुरतडलेली वायर ही नेहमीची कारणे. महागडा एबीएस पंप बदलण्याआधी एबीएसचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर तपासणी करून घ्यावी. साधा स्कॅनर हे कोड दाखवेलच असे नाही.
- चारही टायर एकाच मापाचे हवेत. एक टायर लहान असेल तर ते चाक जास्त फिरते आणि कॉम्प्युटरला ती घसरण वाटते.

शेवटी पकड टायरचीच असते, कॉम्प्युटर ती नव्याने तयार करत नाही. टायरच्या नक्षीच्या खाचेत 1.6 मिलिमीटर उंचीच्या खुणा असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचावेत : 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. गुळगुळीत टायरवर ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा नुसता लुकलुकत राहतो, गाडी मात्र घसरायची तशी घसरते.