पेनाइनच्या धुक्यातली हेफर्ड विमाने

१२ डिसेंबर १९३६ रोजी ब्रिटिश हवाई दलाच्या १०२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सात हेफर्ड बॉम्बफेकी विमाने उत्तर आयर्लंडमधील ऑल्डरग्रोव्ह तळावरून निघाली. त्यांना इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या फिनिंगली तळावर पोहोचायचे होते. उत्तर इंग्लंडवर दाट धुके आणि हिमथर धरणारे ढग यांत ती सापडली. सातांपैकी चार विमाने वाटेतच कोसळली किंवा जमेल तिथे उतरताना मोडली. हेब्डन ब्रिज गावाजवळच्या टेकाडांवर कोसळलेल्या विमानातील तीन जण ठार झाले. शत्रू नव्हता, युद्ध नव्हते. एका तळावरून दुसऱ्या तळावर जाण्यात निम्म्याहून अधिक तुकडी निकामी झाली.

हेफर्ड हे हँडली पेज कंपनीचे विमान. त्याचा पहिला नमुना १९३० मध्ये उडाला आणि १९३३ च्या अखेरीस ते हवाई दलात दाखल झाले. एकूण सुमारे सव्वाशे विमाने बांधली गेली. ब्रिटिश हवाई दलाचे हे शेवटचे द्विपंखी जड बॉम्बफेकी विमान. त्याची रचना चमत्कारिक होती : विमानाचा सांगाडा वरच्या पंखाला जोडलेला, तर खालचा पंख त्याच्या बराच खाली आणि त्याच्या जाड मधल्या भागात बॉम्ब. दोन रोल्स-रॉइस केस्ट्रेल इंजिनांवर ते ताशी जेमतेम २३० किलोमीटरचा वेग गाठी. नेहमीचे कर्मचारी चार. वैमानिकाची जागा उघडी, त्यामुळे डिसेंबरातला वारा थेट तोंडावर येई.

ऑल्डरग्रोव्ह ते फिनिंगली हे अंतर सरळ रेषेत साधारण ३६५ किलोमीटर. आधी आयरिश समुद्र, मग लँकेशायरचा सखल पट्टा, त्यापुढे पेनाइन डोंगररांग आणि तिच्या पूर्वेला यॉर्कशायरचे मैदान. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. पेनाइनमधील सर्वांत उंच क्रॉस फेल ८९३ मीटरवर थांबते. तरीही ही रांग विमानांना घातक ठरली. पश्चिमेकडून येणारी दमट हवा तिच्यावर चढते, थंड होते आणि माथ्यावरची पठारे ढगांत बुडतात. ढगाखालून जावे तर डोंगर आडवा येतो आणि ढगात शिरावे तर हिवाळ्यात पंखांवर बर्फ धरतो.

ढगातील पाण्याचे थेंब शून्य अंशाखालीही द्रवरूप राहू शकतात. विमानाचा पृष्ठभाग लागताच ते गोठतात. पंखांच्या पुढच्या कडेवर असा थर जमला की पंखाचा आकार बिघडतो, उचल घटते आणि वजन वाढते. पंख्याच्या पात्यांवर तो असमान जमला तर इंजिन थरथरू लागते. वेग मोजणारी नळी बुजली तर वेगाचा आकडा खोटा येतो. द्विपंखी विमानात पंखांना जोडणारे खांब आणि तारा यांवरही बर्फ बसतो, म्हणून त्याला धोका अधिक. हेफर्डवर बर्फ काढून टाकणारी कोणतीही यंत्रणा नव्हती.

दुसरी अडचण आपण नेमके कुठे आहोत हे कळण्याची. होकायंत्र, वेग, गेलेला वेळ आणि वाऱ्याचा अंदाज यांवरून नकाशावर जागा ठरवायची, ही त्या काळची पद्धत. दिशेत पाच अंशांची चूक झाली तर दोनशे किलोमीटरनंतर विमान सतरा-अठरा किलोमीटर बाजूला गेलेले असते. खाली रस्ता, नदी, रेल्वेमार्ग दिसत असेल तर ही चूक सुधारता येते; ढगात ती साचत जाते. उंचीमापकही हवेच्या दाबावर चाले. निघताना लावलेला दाब वाटेत दहा मिलिबारने उतरला तर यंत्र खऱ्यापेक्षा सुमारे ८५ मीटर जास्त उंची दाखवी. बिनतारी यंत्रावरून जमिनीवरील केंद्राकडे दिशा विचारण्याची सोय होती, पण तिचा उपयोग होण्यासाठी सराव लागे आणि ऐन वेळी संपर्क जुळावा लागे.

हा सराव कमी पडण्याचे कारण हवाई दलाच्या वाढीत होते. जर्मनीच्या शस्त्रसज्जतेला उत्तर म्हणून १९३४ पासून ब्रिटनने एकामागून एक विस्तार योजना आखल्या. नव्या स्क्वाड्रन उभ्या राहिल्या. १०२ क्रमांकाची स्क्वाड्रन ऑक्टोबर १९३५ मध्ये पुन्हा स्थापन झाली होती, तर सगळ्या बॉम्बफेकी तुकड्यांना एकत्र आणणारी बॉम्बर कमांड जुलै १९३६ मध्ये अस्तित्वात आली. मार्ग काढणे हे वैमानिकाचेच एक काम समजले जाई. निरीक्षक म्हणून विमानात बसणारे अनेक जण एरवी जमिनीवर दुरुस्तीची कामे करत आणि उड्डाण हे त्यांचे जोडकाम असे. स्वच्छ हवेत, ओळखीच्या प्रदेशावर उडण्याची सवय लागलेल्या दलाला वाईट हवेतल्या लांब उड्डाणांची तयारी नव्हती.

सात महिन्यांनी याच डोंगररांगेच्या दक्षिण टोकाला आणखी मोठी हानी झाली. २२ जुलै १९३७ रोजी रात्रीच्या सराव उड्डाणावर असलेले १६६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे हेफर्ड डर्बीशायरमध्ये ईडेलजवळ ब्रॉडली बँक टॉर या कड्यावर आदळले. त्यातील सहाही जण मृत्युमुखी पडले. या वेळी महिना हिवाळ्याचा नव्हता. अंधार आणि अंगावर येणारा डोंगर एवढे पुरेसे ठरले.

विरोधाभास असा की, विमान कुठे आहे हे दुरून ओळखण्याच्या तंत्राची सुरुवात हेफर्डवरच झाली होती. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी डॅव्हेंट्रीच्या बीबीसी प्रक्षेपकाजवळ एक हेफर्ड फिरवून त्याच्यावरून परतणाऱ्या लहरी टिपल्या. याच प्रयोगातून ब्रिटनची रडारसाखळी उभी राहिली. जमिनीवरच्या माणसाला आकाशातले विमान दिसण्याची व्यवस्था अशी झपाट्याने पुढे गेली. विमानातल्या माणसाला आपली जागा कळण्याची व्यवस्था मात्र मागे राहिली.

सप्टेंबर १९३७ मध्ये बॉम्बर कमांडचे प्रमुख झालेले एडगर लडलो-ह्यूइट यांनी ही उणीव वारंवार वरिष्ठांपुढे मांडली. युद्धापूर्वीच्या दोन वर्षांत वाट चुकल्यामुळे वैमानिकांना वाटेत उतरावे लागल्याच्या ४७८ घटना घडल्या होत्या. १०२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला १९३८ मध्ये एकपंखी व्हिटली विमाने मिळाली आणि १९३९ मध्ये हेफर्ड कालबाह्य ठरवण्यात आले. विमाने बदलली तरी जुनी उणीव युद्धात सोबत आली. ऑगस्ट १९४१ च्या बट अहवालात रात्री काढलेली छायाचित्रे तपासली गेली. लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचा दावा करणाऱ्या विमानांपैकी केवळ एक-तृतीयांश विमाने लक्ष्याच्या आठ किलोमीटरांच्या आत पोहोचली होती.

त्यानंतरच व्यवस्था बदलली. १९४२ मध्ये ‘जी’ ही रेडिओ लहरींवर चालणारी मार्गदर्शक प्रणाली वापरात आली. निरीक्षकाचे काम विभागून मार्गनिर्देशक आणि बॉम्ब सोडणारा अशी दोन स्वतंत्र पदे झाली. लक्ष्य शोधून खुणावणाऱ्या निवडक तुकड्याही त्याच वर्षी उभारल्या गेल्या. मार्ग काढणे ही वैमानिकाची जोडजबाबदारी नसून स्वतंत्र विद्या आहे, हे हवाई दलाने अशा रीतीने पेनाइनवरील अपघातांनंतर पाच-सहा वर्षांनी मान्य केले.