ब्रेटन वुड्सची पंगत

गावजेवणाची पंगत बसली की आमच्या वस्तीतली माणसे भांडी घेऊन लांब उभी राहत. माझ्या वडिलांनी हे भोगले आहे. म्हणून वर्गात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कोटा शिकवताना मला आधी पंगतच आठवते.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. हिंदुस्थान गुलाम होता, तरी त्याला पाट होता. शिष्टमंडळाचे नेते इंग्रज अर्थसदस्य रेस्मन. सोबत षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा. त्याच महाडात १९२७ साली ओंजळभर पाण्यासाठी आमच्या माणसांची डोकी फुटली होती.

खरा सवाल होता स्टर्लिंगचा. युद्धासाठी ब्रिटनने इथून माल उचलला आणि मोबदला लंडनमध्ये खात्यावर मांडून ठेवला. त्या कागदी स्टर्लिंगच्या तारणावर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापत होती. नोटा वाढल्या, धान्य महागले, मजुरी मागेच राहिली. रुपयाची किंमत घसरली की मजुरी करणारा नागवला जातो, हे बाबासाहेबांनी विसाच्या दशकातच मांडले होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची कारणे अनेक, पण ही महागाई त्यातले एक. मेले कोण? भूमिहीन मजूर, मच्छीमार. युद्ध संपेतो ब्रिटनकडे आपले येणे शंभर कोटी पौंडांवर गेले. त्यातला काही भाग तरी निधीमार्फत मोकळा करा, अशी मागणी श्रॉफ यांनी केली. केन्सने आभार मानले आणि हा आमचा व धनकोंचा आपसातला मामला आहे, असे सांगून विषय मिटवला. कर्जदारच धन्याच्या आवाजात बोलत होता!

कोटे ठरले. अमेरिका २७५ कोटी डॉलर, ब्रिटन १३०, रशिया १२०, चीन ५५, फ्रान्स ४५, हिंदुस्थान ४०. रशिया निधीत आलाच नाही, म्हणून पाचवे पान आपल्याला मिळाले. प्रत्येक सभासदाला २५० मूळ मते, बाकीची पैशाच्या वजनाने. एक माणूस एक मत ही भाषा तिथे नव्हतीच.

पुढे १९६४ मध्ये जिनिव्हाला ७७ राष्ट्रांचा गट उभा राहिला; १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नव्या अर्थव्यवस्थेचा जाहीरनामा झाला. तिथे एका राष्ट्राला एक मत, म्हणून ठराव झाले. निधीचे कुलूप मात्र उघडले नाही. मोठ्या बदलाला ८५ टक्के मते लागतात आणि अमेरिकेकडे आजही १६ टक्क्यांहून अधिक आहेत. २०१० साली ठरलेली कोट्याची फेरवाटणी अमेरिकन काँग्रेसने अडवून धरली. ती २०१६ च्या जानेवारीत अमलात आली. आज भारताचा वाटा २.६ टक्क्यांच्या आसपास आहे.

हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध भांडणाऱ्यांच्या बाजूने मी आहे. पण दिल्लीचा माणूस तिथे गरीब राष्ट्रांच्या नावाने बोलतो, तेव्हा मी त्याच्या मागे कोण उभे आहे तेही पाहतो. ब्रेटन वुड्सला येणे मागायला बँकर गेले, कारखानदारांचा माणूस गेला. ते येणे ज्यांच्या पोटातून निघाले त्यांच्यातला एकही नव्हता. आमच्यातले काही मित्र म्हणतात, आधी राष्ट्राचे पान लागू द्या, मग घरातले बघू. हे आम्ही १९४७ च्या आधीही ऐकले होते.

मागल्या वर्षी एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, त्या चाळीस कोटींत आपला वाटा किती?" मी त्याला दुष्काळ चौकशी आयोगाचा १९४५ चा अहवाल वाचायला सांगितला. त्यात मृतांचा अंदाज पंधरा लाखांचा आहे.